एका घरातल्या दोन कंपन्यांचे शेअर

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा चष्म्याचे दुकान, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने करत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. धाकट्या दिरांना तो पुरेसा वाटणार नाही, पण त्यांना कोणी विचारलेले नाही.

१. राहते घर थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा यांना समसमान. मधे भिंत घालू नये.

२. दुकान आणि काचा घासायचे यंत्र आमच्या कारागिराला. त्याने घाईने काम केलेले मी कधी पाहिले नाही.

३. दुकानातला मोठा आरसा धाकट्या दिरांना. "बायकांना शेअरमधलं काय कळतं?" असे ते चारचौघांत म्हणाले आणि पुढच्याच रविवारी "वहिनी, काय घेऊ?" म्हणून दारात हजर. आरशात अधूनमधून बघत जावे.

४. आता शेअर. धंद्यांचे विक्रीचे आकडे चाळून पुढे काय खपेल हे सांगणारे सॉफ्टवेअर करणाऱ्या दोन कंपन्यांचे शेअर माझ्या नावावर आहेत. जुनीत थोरली काम करते, नवीत धाकटा. एके काळी जुनीच्या तोडीचे कोणी नव्हते. आता अशा कंपन्यांचे पेव फुटले आहे, आणि बड्या कंपन्या तेच काम फुकट देऊ करतात. दोन्हींचे भाव घसरले. दलाल म्हणतो, "बाई, मोकळ्या व्हा यातून." मी झाले नाही. आमच्या रस्त्यावरही एकदम तीन नवी दुकाने उघडली होती. स्वस्त फ्रेमसाठी गेलेले गिऱ्हाईक गेलेच. पण ज्यांचा नंबर आम्ही नीट काढला होता, ते परत आले. म्हणून मी शेअरचा भाव न बघता एकच गोष्ट बघते, जुने ग्राहक पुन्हा करार करतात का.

५. धाकट्याच्या कंपनीने थोरलीचा सर्वांत मोठा ग्राहक, कोणती औषधे किती खपतील याचा अंदाज घेणारे एक इस्पितळ, पळवला. तिची बढती हुकली. तेव्हापासून दोघे माझ्याकडे आलटून पालटून येतात. "तो येणार असेल तर मी नंतर येते, आई." "ताई गेली का? मग निघतो." मला हे फार लागते.

६. सबब, थोरलीच्या कंपनीचे सर्व शेअर धाकट्याला आणि धाकट्याच्या कंपनीचे सर्व शेअर थोरलीला. वकीलबाईंना वाटले, माझी नावांची अदलाबदल झाली. झालेली नाही. यापुढे बहिणीच्या कंपनीचे वाईट झाले तर खिसा भावाचा फाटेल, आणि त्याच्या कंपनीचे झाले तर तिचा. पाच वर्षे कोणी विकू नये. दरवर्षी ताळेबंद छापून आले की दोघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आपण काम करतो त्या कंपनीचा ताळेबंद दुसऱ्याला समजावून सांगावा. आतली गुपिते विचारू नयेत, ते कायद्यात बसत नाही. "कशी आहेस" असे विचारायला कायद्याची हरकत नाही. पाच वर्षांनंतर काय करायचे ते तुमचे तुम्ही ठरवा.

७. हे मृत्युपत्र दोघे एका खोलीत असल्याशिवाय वकीलबाईंनी उघडू नये. एकाला उशीर झाला तर दुसऱ्याने थांबावे. आलटून पालटून येणे त्या दिवशी चालणार नाही.

ठिकाण : दुकानाची मागची खोली
दिनांक : ११ जून
सही : (चष्मेवाल्या बाई)

साक्षीदार :
१. शेजारचे औषधवाले
२. दाखला देणारे डॉक्टर (स्वतःचा चष्मा विसरल्याने दुकानातला लावून वाचले)