शनिवारचा नेव्हिओ, रविवारचा नेव्हिओ

मंगळवार, २ सप्टेंबर

तक्ता झाला आणि डोकं बधिर झालं! पुढच्या वर्षी दोनपैकी एकच ड्रायव्हर ठेवायचाय, म्हणून आमच्या रेसिंग संघाचे मालक कासादिओ यांनी माझ्याकडे मागितला होता — शनिवारी पात्रता फेरीत कोण कितवा, रविवारी शर्यतीत कितवा, आठही शर्यतींचं समोरासमोर. तित्सिआनो सातवा सुटला, चौथा आला. नववा सुटला, पाचवा आला. आणि आमचा नेव्हिओ? दुसरा सुटला, आठवा आला. पहिला सुटला, सातवा. तिसरा, अकरावा. आठही वेळा मागे! माझा सख्खा भाऊ. आणि मी गावभर सांगत फिरते, गाडीच खराब आहे म्हणून.

बुधवार, ३ सप्टेंबर

तक्ता दिला नाही. आकडे तपासतेय, अशी थाप मारली.

गुरुवार, ४ सप्टेंबर

दिवसभर गाडीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण बघितलं. उजवीकडून कोणी आलं की नेव्हिओ वाट अडवतो. डावीकडून आलं की — काहीच नाही! गाडी पार पुढे निघेपर्यंत त्याला पत्ताच नसतो. एकोणचाळीस जण पुढे गेले, एकोणचाळीसही डावीकडून. शनिवारी एकट्यानं पळायचं असतं, म्हणून तिथे राजा.

जेवताना किसलेल्या चीजची वाटी मुद्दाम त्याच्या डाव्या हाताशी ठेवली. "चीज संपलं का गं?" म्हणाला. मार्चमध्ये सरावात डोकं आपटलं होतं त्याचं. 'काही नाही, टेंगूळ आलंय' म्हणाला होता. डावा डोळा गेलाय त्याचा!

शनिवार, ६ सप्टेंबर

मुजेल्लोच्या ट्रॅकवर आज पात्रता फेरीत पुन्हा पहिला. आई फोनवर आनंदानं रडली. मला मात्र दरदरून घाम. उद्या मागे पंचवीस गाड्या, आणि याला डावीकडचं काही दिसत नाही. बोलले तर भावाच्या पोटावर पाय, गप्प बसले तर... लिहवत नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

रविवार, ७ सप्टेंबर

सकाळी तक्ता त्याच्याच पुढ्यात टाकला. वाटलं, फाडेल. त्यानं सगळे आकडे शांतपणे वाचले.

"आठ शर्यती लागल्या तुला," म्हणाला. "दर रविवारी वाट बघायचो, आज तरी तू विचारशील. मला स्वतःहून थांबता येत नव्हतं गं."

दुपारी तीनला शर्यत सुटली. नेव्हिओची पहिली जागा रिकामी होती.