दुसऱ्या भागातला दिवा

प्रिय भिंगरी,

‘दीपगृह’ या गेमचे जुने भाग आज पुन्हा खेळण्यासारखे आहेत का, असं तू परवा फोनवर विचारलंस, आणि इतक्या सहज विचारलंस की माझे कान टवकारले. तू सहज काही विचारत नाहीस. लहानपणी "आई, आज ऑफिसात खूप काम होतं का गं?" असं ऐकलं की मी समजायचे, घरात काचेचं काहीतरी फुटलंय. म्हणून उत्तर लिहूनच पाठवते आहे. फोनवर तू मधे बोलतेस, आणि हल्ली मी बोलायला लागले की तुझ्या बाजूने बारीक टकटक ऐकू येते. त्या टकटकीकडे येतेच.

आधी पार्सल. तुझ्या आईने सगळी नोकरी विमा कंपनीत दावे तपासण्यात घालवली, हे तू विसरलीस की काय? गोदाम जळालं म्हणून कोणी अर्ज केला की मी आधी राख बघायला जात नसे. समोरचा माणूस न विचारता काय काय सांगतो, ते ऐकत बसायचे. तुझ्या खोक्यात आपलं जुनं मशीन निघालं, कंट्रोलर निघाला, ‘दीपगृह’चे पहिले दोन भाग निघाले, आणि लगेच तुझा फोन आला की पहिल्यापासून सुरू कर, दुसरा त्यानंतर, आणि दुकानात नवा पाचवा भाग आलाय तो मुळीच आणू नकोस, त्यात काही दम नाही. भेट देणारा माणूस भेट देऊन मोकळा होतो, तो क्रम लावून देत नाही. शिवाय माझा वाढदिवस नव्हता. तू म्हणालीस, "अगं, तुला विरंगुळा." मागून जावईबापूंचा आवाज आला, "मेंदूला व्यायाम हो, आई." मग तुमच्याकडे एकदम सगळं शांत झालं. तू त्यांना कोपर मारलंस, असा माझा अंदाज आहे. जोरात मारलं असलंस तर त्यांना सॉरी सांग, ते बिचारे खरं बोलले.

तर पहिला भाग. एक बेट, त्यावर बंद पडलेलं दीपगृह, त्याचा रखवालदार नाहीसा झालेला, आणि त्याला शोधणारे आपण. नकाशा नाही, बाण नाही, कोणी काही सांगत नाही. खोलीत गेलं की तिथल्या दिव्यात थोडं तेल घालून तो पेटवायचा. दिवा पेटला की तिथपर्यंतचा खेळ जपला जातो आणि तो दिवा मग कायम पेटलेला राहतो. तेल मोजकंच, म्हणून विचार करून पेटवायचा. हे सगळं मी तुलाच सांगते आहे, कारण तू मला ते पुन्हा पुन्हा सांगायला लावलं आहेस.

मी हा भाग कधी हातात धरला नव्हता, पण मला तो पाठ होता. तू टीव्हीच्या अगदी पुढ्यात उशी घेऊन बसायचीस आणि मी मागे इस्त्री करत उभी. तुझ्या बाबांच्या दोन शर्टांच्या कॉलर त्या रखवालदारापायी जळल्या. तू त्याच त्या खोलीत गरगर फिरायचीस, मला राहवायचं नाही, आणि मी म्हणून जायचे, "अगं, किल्ली त्या लंबकाच्या घड्याळात आहे." तू उशी आपटायचीस. "आई, सांगू नकोस ना." पेपरामागून बाबा म्हणायचे, "सांगू दे तिला, निदान वेळेवर जेवायला तरी बसू."

आता बघितलं तर चित्रं पुठ्ठ्याची वाटतात. खेळातला आपला माणूस वळतो तो कपाट सरकवल्यासारखा, आणि जिना चढायला लागला की मलाच दम लागतो. पण समुद्राचा आवाज तसाच आहे. आणि आपण दार उघडायच्या आधी तो माणूस क्षणभर थांबतो ना, ते अजून अंगावर येतं. तेव्हा पहिला भाग खेळण्यासारखा आहे का, तर आहे. मला मात्र त्यात एकदाही चुकायला झालं नाही. हे वाक्य लक्षात ठेव.

मग तुझे फोन सुरू झाले. वरच्या खोलीची किल्ली कुठे मिळाली गं? पुढच्या वेळी, ते घड्याळ जेवणघरात होतं का जिन्यात? त्याच्या पुढच्या वेळी गॅसच्या नव्या शेगडीबद्दल बोलता बोलता, त्या लंबकामागे काय होतं म्हणालीस? एकच प्रश्न, तीन वेळा, कपडे बदलून. बाई गं, ही पद्धत माझी आहे. खोटं बोलणारा दर वेळी गोष्ट जास्त छान सांगतो, खरं बोलणारा कंटाळतो, हे मी जेवताना बाबांना सांगायचे आणि तू तोंडात घास धरून ऐकायचीस. जगात कोणावरही चालव ती पद्धत, पण जिने शिकवली तिच्यावरच चालवायची म्हणजे कमाल झाली. मला राग आला. थोडं कौतुकही वाटलं, पण ते तुला कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. आणि ती टकटक म्हणजे तू माझी उत्तरं टाइप करून घेत होतीस. हो ना?

का, तेही मला माहीत होतं. मागच्या खेपेला तू आलीस तेव्हा आपण दाताच्या डॉक्टरकडे निघालो होतो. मी माझ्या जुन्या ऑफिसच्या स्टॉपवर उतरले, फाटकापर्यंत चालत गेले आणि पर्समध्ये पास शोधायला लागले. फाटकावरच्या माणसाने विचारलं, "कोणाला भेटायचंय, काकू?" मी हसून म्हटलं, पायांना सवय झालीय. तूही हसलीस, पण जरा लवकरच हसलीस. परत येताना तू माझा दंड धरून चालत होतीस, रस्ता ओलांडायचा नसतानासुद्धा. मावशीचं नाव तू घेतलं नाहीस. मीही घेतलं नाही. स्वतःच्याच जिन्यात उभं राहून आपण कितव्या मजल्यावर राहतो असं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारणारी माझी ताई जणू आपल्या दोघींच्या मधून घरापर्यंत चालत आली. त्यानंतर तुझ्या बोलण्यात तुमच्या घरातली ती खोली यायला लागली. पूर्वेकडची, उजेडाची, "रिकामीच पडलीय गं."

मला त्या खोलीत यायचं नाही. खोली चांगलीच असेल. पण इथे सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी मी अंधारात हात लावून काढते, आणि कुठला चमचा कुठे आहे ते कोणाला विचारत नाही. ते सोडून मी तुमच्याकडे पाहुणी म्हणून राहायचं, आणि तुम्ही दोघांनी माझ्यासमोर नीट वागायचं, हे किती दिवस चालेल? म्हणून मी तुझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं बरोबर दिली. ठसक्यात दिली. जेवणघराच्या पडद्यांचा रंगही सांगितला. तो तू विचारला नव्हतास. तुझ्या जागी मी असते तर तिथेच थबकले असते.

नवा भाग आणू नको म्हणालीस म्हणून तो बघणं भागच होतं. खाली चष्म्याचं दुकान आहे ना, त्या चष्मेवाल्यांनी दुकानाच्या मागच्या खोलीत नवं मशीन ठेवलंय, गिऱ्हाईक नसलं की खेळत बसतात. मी गेले. पाचव्या भागात लाटेचा एकेक थेंब दिसतो, आणि जमिनीवर पिवळा बाण चमकतो, इकडे जा, तिकडे वळा. जरा थांबलं की बाईचा आवाज येतो आणि ती आपल्याला आठवण करून देते. मी विचारलं, "अहो, पण हिला सगळं माहीत आहे तर मी कशाला हवी?" ते म्हणाले, "तुम्ही बटण दाबायला." त्यांच्या मते आजकाल असंच लागतं, दमून आलेल्या माणसाला वाट चुकायला कुठे आवडतं? त्यांचं चूक नाही. पण मला तुझा डाव कळला. बाण असलेल्या खेळात माझी परीक्षा झाली नसती.

खरी गोष्ट दुसऱ्या भागाची आहे. तो तू होस्टेलवर खेळलीस, माझ्या इस्त्रीसमोर तो कधी आला नाही. चष्मेवाले म्हणतात, सगळ्या भागांत हाच सरस, आणि सगळ्यांत जास्त लोक हाच अर्ध्यात सोडतात. मला पटलं. दीपगृहाखाली भुयारं आहेत, भरती आली की वाटा बंद होतात, ओहोटीला दुसऱ्याच उघडतात. एका दुपारी मी तशाच एका वाटेने होडीघरात शिरले. छताला उलटी टांगलेली होडी, भिंतीवर जाळी, कोपऱ्यात निळं टेबल. ती खोली मी पहिल्यांदाच बघत होते.

तिथला दिवा पेटलेला होता.

माझ्या मशीनवर माझ्याखेरीज कोणी खेळत नाही. पहिला संशय तुझ्यावर. वाटलं, तिकडे बसून तू काहीतरी करतेस. पण ते मशीन इतकं जुनं आहे की त्याची वायर भिंतीपलीकडे कुठे जात नाही. मग चष्मेवाले. मागे एकदा दार ओढलं जाऊन मी बाहेर अडकले होते, तेव्हापासून एक किल्ली त्यांच्याकडे असते, आणि खेळाचा नाद आहेच. मी त्यांना आडून आडून विचारलं. तीन वेळा, कपडे बदलून. तिसऱ्या वेळी ते कंटाळून म्हणाले, "ताई, त्या जुन्या चित्रांनी मला गरगरतं, मी कशाला वर येऊ?" कंटाळले म्हणजे खरं बोलत होते. मग मी विचारलं, खेळ आपणहून दिवे पेटवतो का? ते हसले. "मग तेल कशाला दिलंय?"

तरी मी हटले नाही. खेळ पुसला आणि दुसरा भाग पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. खेळून उठले की कंट्रोलरपासून टेबलाच्या पायापर्यंत पांढरा दोरा ताणून चिकटवायचा, आणि मशीनच्या बटणावर पावडरचं बोट फिरवायचं. साखर कारखान्याच्या चोरीत मी हेच केलं होतं, तुला आठवत असेल. दर वेळी येऊन बघितलं तर दोरा शाबूत, पावडर जशीच्या तशी. दोरा तोडला तो दर वेळी मीच. आणि होडीघराच्या पुढे, पंपाच्या खोलीत, मी दार ढकललं. लोखंडी चाक, भिंतीला लटकलेला पिवळा रेनकोट. अगदी नवी जागा. कोपऱ्यात दिवा शांतपणे जळत होता, आणि माझ्या बुधल्यातलं तेल तेवढंच कमी होतं.

मी टीव्ही बंद केला नाही. बराच वेळ त्या दिव्याकडे बघत बसले. एकेकाला वगळत गेलं की शेवटी उरतो त्याचं नाव कागदावर लिहायचं, मग तो ओळखीचा असला तरी, हे मी हाताखालच्या माणसांना शिकवायचे.

तर भिंगरी, हे पत्र यासाठी. तुझी पहिल्या भागाची सगळी टिपणं फाडून टाक. ती उत्तरं आत्ताची नाहीत, इस्त्रीच्या टेबलामागची आहेत. जुनं मला सगळंच आठवतं, आणि मावशीलाही शाळेत बाकावर शेजारी कोण बसायचं ते शेवटपर्यंत पाठ होतं. मी गप्प बसले असते तर तू समाधानाने ते टाइप करणं थांबवलं असतंस आणि त्या खोलीचा विषयही निघाला नसता. मोह झाला. पण लोकांचे खोटे दावे परत पाठवण्यात जन्म गेला, आता स्वतःचाच कसा मंजूर करू? मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारची. तू ये. जावईबापूंनाही आण, ते खरं बोलतात. खोलीचं मी अजून काही कबूल केलेलं नाही, ते डॉक्टर काय म्हणतात त्यावर भांडू, आणि समोरासमोर भांडू. मला प्रश्न विचारायचे असतील तर सरळ विचार. आणि आदल्या दिवशीच ये. दुसरा भाग मला पुरा करायचा आहे. या वेळी मी पुढे उशी घेऊन बसेन आणि तू मागे उभी राहा, हवं तर इस्त्री कर, कपडे बरेच साठलेत. तू तेव्हा म्हणायचीस, आई, सांगू नकोस. मी तसं म्हणणार नाही. मी दार उघडलं आणि दिवा आधीच पेटलेला असला, तर तू सांग मला, आई, इथे आपण येऊन गेलोय.

वाट बघत, अजून आपल्याच घरातून,

तुझीच
आई