माझ्या नावचे बॉन्ड

कौलखेड, अकोला
१२ मार्च २०२५

प्रिय दीपू,

सप्रेम जयभीम. आम्ही इकडे ठीक आहोत. तुझ्या मनोजभाऊजींचा खोकला गेला, शाळेत परीक्षांची गडबड आहे, आणि ऊन आत्तापासूनच असं तापतंय की मे महिन्यात काय होईल कोण जाणे. नांदगाव पेठेच्या मिलमध्ये तुझी शिफ्ट बदलली असं आई म्हणाली. जेवणाच्या वेळा सांभाळ.

मंजुषानं दिवाळीत पाठवलेला तुमच्या नव्या गाडीचा फोटो काल परत पाहिला. गाडी छान आहे, रंग जरा भडक वाटला. नाही, खोटं कशाला बोलू? रंगही छान आहे.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. फोनवर तू मधेच बोलतोस आणि मी लगेच विषय बदलते. कागदावर तसं करता येत नाही.

बाबांनी मोर्शी रोडचा प्लॉट विकला, तेव्हा आपण तिघं बडनेऱ्याला ओसरीत बसलो होतो. जन्मभर कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर, पेन्शन नाही, तरी बाबा पतसंस्थेच्या सभेत कुणाचं तरी भाषण ऐकून आले होते. निम्मे पैसे शेअरमध्ये, निम्मे बॉन्डमध्ये, म्हणजे एक पडलं तर दुसरं धरून ठेवतं. त्यांना ओटीपीचं काही जमत नाही, म्हणून शेअर तुझ्या नावावर आणि बॉन्ड माझ्या. सरकारी कंपनीला उसने दिलेले बारा लाख, त्याचं ठरलेलं व्याज, त्यावर आई-बाबांचा महिना चालायचा. मोठी मी, शाळेत गणित शिकवते मी, आणि हौसेचं सगळं तुझ्याकडे. हे नवीन नव्हतंच. सायकलसुद्धा तुलाच मिळाली होती, मी पाय ओढत शाळेत जायचे.

मग तुझे बारा लाख वाढत गेले. दर रविवारी तू मोबाईल काढायचास, बाबा चष्मा लावायचे, शेजारच्या नत्थुजींना हाक मारायचे. मी पंधरा दिवसांनी अकोल्याहून गाडी पकडून यायचे, आईच्या गोळ्या डबीत भरून द्यायचे, पलंगावरच्या चादरी धुवायचे. तेवढ्यात ओसरीतून ऐकू यायचं, "आमच्या पोट्ट्यानं नऊ लाख वाढवले, नत्थुजी!" जसं काही तू रात्रपाळी करून वाढवले होतेस.

सप्टेंबरातला तो रविवार तुझ्या लक्षातही नसेल. मी हसतहसत विचारलं होतं, "बाबा, माझ्या बॉन्डचं काही पाहाचं नाही का?"

ते म्हणाले, "तुह्या पैशाचं काय पाहाचं? थे तं होते तिथंच रायतीन."

तू हसलास. नत्थुजी हसले. मीही हसले, आणि मला तुझा असा राग आला की त्या दिवशी मी न जेवता परतीची गाडी धरली. जाताना तुला सहज विचारलं होतं, कोणकोणते शेअर घेतलेस रे? तू किती आनंदानं सांगितलंस. तुझ्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि त्याचाच जास्त राग आला.

दीपू, पुढच्याच आठवड्यात मी बॉन्ड विकले. सगळे. मधल्या सुट्टीत, स्टाफरूममध्ये, मोबाईलवर. त्या बारा लाखांत तुझ्याच यादीतल्या दोन कंपन्यांचे शेअर घेतले, ज्यात तू सगळ्यात जास्त कमावलं होतंस. वाटलं, दिवाळीला मी मोबाईल काढीन आणि बाबा चष्मा लावतील.

दिवाळीआधीच बाजार घसरायला लागला. आज माझ्याकडे पावणेसात लाख उरलेत. तू स्वस्तात घेतले होतेस, म्हणून इतकं पडूनही तुझं मुद्दल शाबूत आहे. मी भाव टोकाला असताना घेतले. वर्गातल्या पोरांना हे गणित मी फळ्यावर सोडवून दाखवते.

आई-बाबांना दर पाच तारखेला जातात ते पैसे व्याजाचे नाहीत. माझ्या पगारातले आहेत. मनोजला माहीत नाही. तो विचारतो, पगार आजकाल पुरत का नाही, तर मी महागाईवर बोलते.

आणि गेल्या गुरुवारी तुझा फोन. "ताई, शेअर स्वस्त झाले. तुह्या बॉन्डमधले तीन लाख काढू, पडत्या भावात आणखी शेअर घेऊन ठेवू. त्याच्यासाठीच तं बाबानं ठेवले होते. पुढच्या रविवारी बडनेऱ्याले बसू." बरोबरच बोलत होतास. बाबांच्या त्या भाषणातही हेच असणार. मी "बघू" म्हटलं आणि मंजुषाच्या आईची तब्येत विचारली.

शनिवारी मी एकटी बडनेऱ्याला गेले, सांगायलाच. आई दळण आणायला गेली होती. बाबा संत्रं सोलत बसले होते. सुरुवात कुठून करावी कळेना, म्हणून विचारलं, "बाबा, दीपूचे इतके खाली आले, तुमाले भेव नाही वाटत?"

ते म्हणाले, "काहून वाटन? जे बुडालं तं चालन, थे दीपूच्या नावानं केलं. जे बुडाले नाही पायजे, थे तुह्या. पोट्टं हौशी हाय, मले मालूम नाही का? तुह्याकडे हाय म्हून तं मले झोप लागते." आणि अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं.

मी ते खाल्लं. संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

तुला वाटेल, गाडीत मी रडले असेन. नाही. खरं लिहिते, तेव्हाही मला तुझा हेवाच वाटला. तुझ्या हातून सगळं गेलं असतं तरी बाबांनी तुला माफ करून ठेवलं होतं, पैसे देतानाच. मला अशी माफी कुणी दिलेली नाही.

येत्या रविवारी तू बडनेऱ्याला थोडा लवकर ये. तू काही बोलू नकोस, माझी बाजूही घेऊ नकोस. फक्त नत्थुजी येऊन बसले असतील तर त्यांना चहाला बाहेर घेऊन जा. बाबांना मीच सांगेन. मी पुन्हा तब्येतीपाण्याचं बोलायला लागले, तर हे पत्र त्यांच्या हातात दे आणि चष्मा शोधून दे.

तुझ्यावर जळणारी,
तुझी ताई
संध्या