अकरा वर्षं घासलेलं केकचं भांडं

दि. २ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण बबडीला आता चालायचं सुचलंय आणि तिच्यामागे आम्हा दोघांची दिवसभर वरात असते. अठ्ठावीस तारखेला ती वर्षाची होणार. केक तुझ्या हातचाच, हे तर तिच्या जन्माआधीपासून ठरलंय. चांगली चार दिवस राहायला ये.

आता एक सांगते, रागावू नकोस हं. तुझं ते काळं केकचं भांडं मात्र आणू नकोस. त्याचे आतून पोपडे निघतात. मागच्या खेपेला केकच्या बुडाला दोन-तीन काळे कपटे चिकटले होते. मी गुपचूप काढून टाकले, तुला बोलले नाही. पण दिवसभर औषधाच्या दुकानात उभं राहून लोकांना हे घेऊ नका, ते घेऊ नका सांगायचं आणि आपल्याच लेकीच्या ताटात काय पडतंय ते बघायचं नाही, हे काही मला जमेना.

यांनी बेकरीतून केक आणू म्हणून सुचवलं. मी नुसतं बघितलं, तर लगेच कुठलीशी बंद पडलेली लिफ्ट दुरुस्त करायला जायचंय, हे त्यांना आठवलं.

मायेत काटकसर नको.
तुझी,
ठकी


दि. ६ फेब्रुवारी

चि. सौ. ठकीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. कॉलेजात असताना त्याच भांड्यातले केक बोटं चाटून हादडलेस, तेव्हा नाही ते कुठे काळे कपटे दिसले बाईसाहेबांना!

आणि ते काळं मला दिसत नाही असं वाटतं की काय तुला? एकतीस वर्षं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काढली मी. आमच्या मोठ्या बाई प्रत्येक पातेल्यात बोट फिरवून बघायच्या, आणि बोटाला जरा काळं लागलं की सगळ्यांदेखत उद्धार व्हायचा. हे भांडं मला निवृत्त होताना सगळ्या जणींनी मिळून दिलं. दिलं तेव्हाच मेलं आतून काळंकुट्ट! मला वाटलं, गडबडीत कुणाचं तरी जळकं भांडं बांधून दिलं. बोलणार कशी? तेव्हापासून दर रविवारी तारेच्या घासणीने घासतेय. कोळसा उगाळावा तितका काळाच. आता कुठे अर्धं बूड चकाकायला लागलंय, आणि तू म्हणतेस आणू नकोस!

भांडं नको तर मीही येत नाही. आणा बेकरीतला.

बबडीला पापा. तुला नाही.
मावशी


दि. १० फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

अगं मावशे! तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसकणच मारली. ते जळकं नव्हतं गं, तो नॉनस्टिकचा थर होता! केक चिकटू नये म्हणून मुद्दाम दिलेला. तू अकरा वर्षं नेमाने तोच खरवडत होतीस. यांना सांगितलं तर हसून हसून शिडीवरून पडता पडता वाचले.

घाबरू नकोस, चार कपटे पोटात गेले तरी तसेच बाहेर पडतात. पण खरवडलेल्या भांड्यात तान्हीसाठी करायचंच कशाला? साधं स्टीलचं घे, नाहीतर ओव्हनमध्ये चालणारं काचेचं. उघडं अॅल्युमिनियम नको, तू लिंबू पिळतेस आणि आंबटाने धातू उतरतो. रंगीत मातीचं घेतलंस तर झिलईत शिसं नाही ना, ते विचार.

आणि येत नाही असं पुन्हा लिहायचं नाही. तू नाहीस तर केकही नाही. बबडी बिस्किट खाईल.

पापा उधार राहिला, ध्यानात ठेव.
ठकी


दि. १७ फेब्रुवारी

चि. सौ. ठकीस,
अ. उ. आ.

गेले होते बाई बाजारात. भांडीवाल्याने आधी एक हिरवं भांडं पुढे केलं. वर पानांचं चित्र आणि एकदम नैसर्गिक म्हणून चिठ्ठी. आत काय फासलंय विचारलं, तर म्हणतो, कंपनीला माहीत. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा! मग रंगीत मातीचं दाखवलं. शिशाचं विचारल्यावर म्हणाला, आजवर कुणी विचारलं नाही. मी म्हटलं, मग आजपासून सुरुवात. शेवटी काचेचं घेतलं.

पहिला केक कडेने करपला, मध्ये कच्चा. दुसरा बरा झाला, पण गरम भांडं ओल्या ओट्यावर ठेवलं आणि ते तडकलं. मग स्टीलचं आणलं. त्यात केक असा चिकटला की चमच्याने उकरून खाल्ला, एकटीनेच.

ठके, तुझ्यापासून काय लपवू? जुन्या भांड्यात केक कधी होतो, ते मला पक्कं ठाऊक होतं. वासावरून कळायचं, झाला. आता एकोणसत्तराव्या वर्षी ओव्हनच्या दारापुढे स्टूल टाकून बसते आणि काही कळत नाही. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा रागावले नव्हते गं मी, रडले होते. वाटलं, भांडं नको म्हणजे आता मीच नको. मला केकशिवाय येतं काय? आणि बबडीच्या दिवशी सगळ्यांसमोर केक बसला तर मी तोंड कुठे लपवू? म्हणून खरंच नको येऊ का, असं वाटतंय.

तुम्हा तिघांना आशीर्वाद, ते मात्र करपत नाहीत.
मावशी


दि. २० फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

वेडी आहेस का गं तू? भांडं नको होतं, कारण बबडीने तुझ्या हातचं पोटभर खावं असं मला वाटत होतं. केक बसला तर बसलेला खाऊ. बुडाला बटर पेपर घाल, काठाला लोणी लाव, नाहीतर उकरून खाऊ, सगळे मिळून.

आणि मीही खरं सांगते. चार दिवस ये असं लिहिलं, ते भिडेने. एक तारखेला दुकानातली माझी बाळंतपणाची सुट्टी संपते. बबडीला कुणाच्या हाती सोपवायची या विचाराने मला झोप लागत नाही. तुला विचारायचा धीर होत नव्हता. एकटीचं तुझं घर, तुझी शेजारीण, तुझी सवय. मावशी, राहशील?

उत्तर ताबडतोब.
ठकी


दि. २४ फेब्रुवारी

चि. सौ. ठकीस,
अ. उ. आ.

बटर पेपरने काम केलं. काल केक अख्खा सुटला, शेजारणीने दोनदा मागून खाल्ला. दूधवाल्याला बंद सांगितलंय, कुंड्या तिच्याकडे दिल्यात.

सत्तावीसला सकाळच्या गाडीने पोचते. जावईबापूंना स्टेशनवर पाठव. सामान पाहून दचकू नका म्हणावं, म्हातारी दोन मोठ्या बॅगा घेऊन येतेय आणि जायचं तिकीट काढलेलं नाही.

लोभ असावा असं लोक पत्राच्या शेवटी लिहितात. मी लिहीत नाही, घ्यायला स्वतःच येतेय.
मावशी