लिफ्टच्या मॉडेलमधला माझा चौकोन

सोम. २ फेब्रु. ९८
आणि वर परत म्हणतो, "बटणं दाबायला एवढ्या लांब कशाला मरायला जायचं?" दर फोनला तेच. एसटीडी बूथमध्ये मीटर पळतंय आणि दादाचं भाषण चालूच. गडहिंग्लजचं त्याचं वेल्डिंगचं दुकान जोरात आहे, माणूस कमी पडतो, सगळं मान्य. "महिनाअखेर सांग. येणार असलास तर अर्धी भागी तुझी. नाहीतर शेजारचा पक्या आहेच."
दमलोय. पाच वर्षांत चार गावं झाली, हे चौथं कानडी मुलखातलं.

बुध. ४
आमची कंपनी लिफ्टची. साहेबांनी कॉम्प्युटरवर अख्खी लिफ्ट उभी केलीय. एक चौकोन मोटारचा, एक दाराचा, मधे बाण. तयार चौकोन ढिगानं मिळतात, पण आमच्या ब्रेकसारखा एकही नाही. मग रिकामा चौकोन घ्यायचा आणि आत आपलं फंक्शन, म्हणजे हिशेबाच्या ओळी, लिहायचं. एका बाजूनं वजन आत येतं, दुसऱ्या बाजूनं ब्रेकचा जोर बाहेर.
टायपिंगवाला सोडून गेला म्हणून मला बसवलंय. गेल्या महिन्यापर्यंत वायरी सोलत होतो. नववी नापास. साहेब फळ्यावर लिहितात, मी अक्षर अक्षर उतरवतो. थोडं थोडं कळायला लागलंय.
"शनिवार को पार्टी देखने आएगी. चल गया तो तुझे ऑपरेटर बना दूँगा."
पार्टी म्हणजे लिफ्ट घेणारं गिऱ्हाईक. ऑपरेटर म्हणजे कायमची नोकरी. मग दादाचं तोंड बंद.

शुक्र. ६
चाललं! भरलेली लिफ्ट, रिकामी लिफ्ट, दोन्ही जागेवर थांबल्या.
रन, म्हणजे कॉम्प्युटरवरची लिफ्टची एक फेरी, संपेपर्यंत राखण करत बसायचा कंटाळा येतो. म्हणून साहेब घरी गेल्यावर फंक्शनच्या शेवटी माझी एक ओळ टाकली. बीप वाजव. वाजलं की कॉफी टाकून यायचं. चालवून बघणार होतो, पण दुसऱ्याला मशीन हवं होतं.
दादाला फोन केला, उद्या ऑपरेटर होणार म्हणून. "बघू," म्हणाला.
घरमालकीण अक्का घरात मराठीच बोलतात, पण त्यात निम्मं कानडी. "आज हसतोयस की रे! सरी, स्वल्प भात अजून घे."

शनि. ७
लिहू नये असं वाटतंय.
पार्टीचे तिघे खुर्च्यांवर. रन सुरू केला. बीप. परत बीप. थांबेचना. लिफ्ट मुंगीच्या चालीनं वर. माझी ओळ शेवटी, म्हणजे रन संपल्यावर एकदाच वाजणार, असं मी धरून चाललेलो. एक जण म्हणाला, "साब, ये लिफ्ट है या मुर्गी?" बाकीचे हसले. साहेबांनी मशीनच बंद केलं. चहा पिऊन गेले सगळे.

सोम. ९
साहेब ओरडले नाहीत. तेच जास्त लागलं.
"मॉडल तेरे डिब्बे को एक बार नहीं पूछता. हर कदम पे पूछता है, अभी वज़न इतना, बोल ब्रेक कितना. हर बार पहली लाइन से आख़िरी तक."
म्हणजे दादाच की. कितीदा उत्तर द्या, परत पहिल्यापासून.
ओळ काढली. एकदम छान चाललं. बघायला कोणी नाही.
ऑपरेटरचं विचारलं. पार्टी परत आली तर बघू म्हणाले. आणि मारतहळ्ळीला संध्याकाळचा कॉम्प्युटरचा क्लास आहे, "पहले सीख, फिर अपनी लाइन डाल." फी महिन्याला तीनशे.

गुरु. १२
दादा : "झालास का ऑपरेटर?"
"नाही."
वाटलं आता सुरू होणार. पण नाही. "असू दे. ये की रे सद्या. या महिन्याला तू पाठवशील त्यात माझे घालून दुसरं वेल्डिंगचं मशीन बुक करतो. तुझ्या नावचं. आईपण वाट बघतीय."
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बघतो म्हणालो. क्लासचं बोललोच नाही.

शनि. १४
पगार झाला. आधी क्लासला नाव घातलं, मग पोस्टात. रांगेत पाय दुखले. मनिऑर्डरवर निरोपाची जागा असते, तिथं काय लिहावं सुचेना. येतो लिहिलं तर खोटं, येत नाही लिहिलं तर तेही अजून खरं नाही. मागचा माणूस "बेग, बेग", लवकर आटप, करून ढकलत होता. कोरंच सोडलं. मशीनचं काय ते दादा समजेल, किंवा पक्याला बोलावेल. दर महिन्याला नऊशे जातात. या वेळी सहाशे.