देवेशचं मोजकं हसू

अंजूर, ता. भिवंडी
१२ जानेवारी २००४

चि. निशास अनेक आशीर्वाद.

तुझ्या होस्टेलच्या फोनमागे मुलींची रांग असते, म्हणून पत्रच बरं. बातमी गोड आहे. टेमघरच्या करिष्माला तुझा दादा पसंत पडला! तिकडे दिलेल्या फोटोची कॉपी सोबत आहे. तिची आई म्हणाली, मुलाचं हसू किती शांत आहे. मी मनात म्हटलं, ही माझ्या लेकीची कृपा. दिवाळीत तूच देवेशला चिडवलंस ना, हसलास की हिरड्या दिसतात म्हणून? तेव्हापासून ओठ मिटून हसतो. राजबिंडा दिसतो अगदी.

दातांचं शिकायला लागल्यापासून तुझ्या तावडीतून कोणी सुटत नाही. बाबांच्या दातांतल्या फटीला तरी नावं ठेवू नकोस, मी तिच्यावरच भाळले होते.

साखरपुड्याची खरेदी तुझ्यावाचून खोळंबली आहे, लवकर ये.
तुझी आई, कमळ


नाशिक
१७ जानेवारी २००४

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

फोटो खोलीतल्या मुलींना दाखवला. पहिल्या वर्षाच्या मुली म्हणाल्या, काय छान हसतो. मग मी तो पुन्हा नीट पाहिला. आई, माणूस ओठ मिटून हसला तरी गाल वर जातात. दादाचे गाल हललेलेच नाहीत.

आमच्या ओपीडीत अशी तोंडं रोज दिसतात. गुटख्याने गाल आतून पांढरे, कडक होतात, मग तोंड उघडेनासं होतं. काहींना पुढे कॅन्सर होतो. कशेळीच्या गोडाऊनवर ड्युटी लागल्यापासून दादाच्या खिशात पुड्या असतात, हे आपल्या दोघींनाही ठाऊक आहे.

देव करो आणि तो माझ्या चिडवण्यामुळेच तसा हसत असो. मी त्याचे पाय धरीन. पण एवढं कर. त्याला स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये घालायला सांग. चांगल्या तोंडात ती मावतात. तिखट झोंबतं का, तेही विचार. मला फार भीती वाटते गं. हे हसण्यावारी नेऊ नकोस.

माया आहेच, आता थोडा धीरही पाठव.
तुझी निशा


अंजूर
२६ जानेवारी २००४

चि. निशास आशीर्वाद.

काल जेवायला बसताना खेळ म्हणून सगळ्यांना बोटं घालायला लावली. माझी मावली. बाबांची जाडजूड बोटंही मावली. देवेश म्हणाला, हात खराब हायेत. मी पाणी दिलं. त्याने हात धुतले, धुतच राहिला. एक बोट गेलं. दुसरं दातांवर अडलं. त्याने रेटलं तसं डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाला, आय, झाला ना आता, जेवू दे.

तो कित्येक दिवस कोळंबीच्या तिखट कालवणाला हात लावत नव्हता, भाकरी दुधात कुस्करून खात होता. मी समजत होते, लग्नाच्या आनंदात पोराची भूक मेली आहे. माझ्या डोळ्यांना काय झालं होतं, निशा?

शुक्रवारी त्याला घेऊन आम्ही तुझ्याकडे येतोय. तो न्हाय म्हणतो. बाबा म्हणाले, उचलून नेऊ. टेमघरला साखरपुडा पुढे ढकलल्याचं कळवलं, पण कारण सांगायला जीभ रेटेना.

तो फोटो मी कपाटात पालथा ठेवलाय. शेजारणी अजून म्हणतात, देवेश किती शांत हसतो. हे ऐकलं की मी दार लावून घेते. तुझ्या सरांना आत्ताच सांगून ठेव, मला ते शांत हसू नको. माझ्या पोराच्या हिरड्या दिसल्या पाहिजेत.

स्टँडवर घ्यायला ये, मला एकटीला सोडू नकोस.
तुझी आई