तागाचे कपडे

प्रिय उनहाक,

काल खारी मासळी विकणारा तो बडबड्या दारात आला आणि बोलता बोलता म्हणाला, की बुसानच्या बंदरावर बर्फ फोडणारा एक उंच माणूस आहे, बोली उत्तरेकडची, डाव्या कानाची पाळी फाटलेली. मी त्याच्याकडून दोन पेंढ्या मासळी जास्तीची घेतली आणि पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिले. शेवटी तो वैतागला, "काकू, मी मासळी विकायला गेलो होतो, कान बघायला नव्हे." पण मला कळायचं ते कळलं. माझा जीव भांड्यात पडला. पावणेदोन वर्षं मी मनाशी धरून चालले होते, की तुला वाटेत पकडलं आणि ट्रकात घालून उत्तरेला पाठवलं.

ती पहाट अजून डोळ्यांसमोर आहे. ह्यांना जाऊन दोन दिवस झाले होते आणि घरात रडायला मुलगा नव्हता. पिल्सू लढाईत बेपत्ता. तिरडीमागे चालायला कोण, ह्या घोरात मी अंगणात बसले होते, तेवढ्यात तू कुंपणातून आत शिरलास. अनवाणी, आणि सदऱ्याच्या पाठीवर कैद्याची मोठाली अक्षरं रंगवलेली. उत्तरेला परत जायचं नाही अशा कैद्यांसाठी छावणीचं दार आपल्याच पहारेकऱ्यांनी उघडून दिलं होतं, पण अमेरिकन शिपाई पळालेल्यांना धरायला गावोगाव फिरत होते. तू एवढंच बोललास, "मला उत्तरेला परत जाऊ देऊ नका, काकू. माझ्या वडिलांना तिथल्या सरकारनंच नेलं, ते आले नाहीत. आता माझी पाळी." शेजारच्या सांचोंगवालीनं एकदा तुझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली, "बघत काय बसलीस? मुलगा हवा होता ना तुला?"

मग सुतकातल्या मुलाचे तागाचे कपडे, कमरेला सुंभ, हातात बांबूची काठी आणि डोक्यावर माझ्या सासऱ्यांच्या वेळची टोपलीएवढी टोपी. बाप गेलेल्या मुलानं आभाळाला तोंड दाखवू नये, कोणाशी बोलू नये, हा नियम ज्यानं घातला त्याचे पाय धरावेसे वाटले त्या दिवशी. तू तोंड उघडलं असतंस तर दोन शब्दांत तुझा प्रांत कळला असता. शिपाई आले, सोबत आपल्यातलाच एक दुभाष्या. आणि तू काय केलंस, तर तिरडीपुढे एकदाच वाकलास. मेल्या माणसाला दोनदा वाकतात हे तुमच्या चर्चमध्ये कोणी शिकवलं नसावं. दुभाष्याची मान वळली. मी तुझ्या पाठीत असा धपाटा घातला की माझाच हात झिणझिणला. "बाप जिवंत असताना कधी वाकला नाहीस, आता तरी नीट वाक, कारट्या!" तू पुन्हा वाकलास आणि रडायला लागलास. खोटं रडायचं ठरलं होतं आपलं. तुझं ते रडणं खोटं नव्हतं, तू कोणत्या बापासाठी रडतोयस हे मला ठाऊक होतं. दुभाष्यानं डोक्यावरची टोपी काढली, क्षणभर उभा राहिला आणि शिपायांना घेऊन गेला. त्याला कळलं होतं की नाही, ह्यावर सांचोंगवाली आणि मी अजून भांडतो.

नंतरचे अडीच महिने तू माझ्या घरात पिल्सूच्या पितळी भांड्यातून जेवलास, पिल्सूच्या चमच्यानं. छप्पर शाकारलंस, आमच्या तिखटाला नावं ठेवलीस. मग तह झाला, कैद्यांची अदलाबदल झाली आणि पिल्सू परत आला, हाडांचा सापळा झालेला. त्या आनंदात मी काय केलं ते आज लिहिते. तुझ्यासमोरचं पितळी भांडं उचललं, त्यातला भात लाकडी वाडग्यात लोटला आणि भांडं घासून पिल्सूपुढे ठेवलं. त्या वाडग्यातला भात शेवटच्या शितापर्यंत खाल्लास. दुसऱ्या दिवशी अंगणात तागाचे कपडे घडी घालून ठेवलेले होते आणि तू नव्हतास. जवळ ना ओळखीचा कागद, ना ओळखीचं माणूस. तुला शिपायांपासून वाचवलं आणि माझ्याच हातानं दाराबाहेर काढलं, हे मला फार लागलं रे.

पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या सहाव्या दिवशी ह्यांना दोन वर्षं पूर्ण होतात. त्या दिवशी सुतक संपतं, मुलानं तागाचे कपडे उतरवून जाळायचे असतात. पिल्सू आल्यापासून त्यानंही घातलेत, पण तो हटून बसलाय, "बाबांना पोचवलं त्यानं, आधी त्याचे उतरतील, मग माझे." खरंच आहे, ज्यानं घातले त्यालाच ते उतरवता येतात. तुझे मी पेटीत जपून ठेवलेत. कागदाची काळजी करू नकोस, आमचे गावप्रमुख कचेरीत तुझ्यासाठी सही द्यायला तयार आहेत, तुझ्या स्वतःच्या नावानं. आता तुला कोणी परत पाठवत नाही. बाजारातून मी एक पितळी भांडं आणलंय, झाकणासकट, त्यात अजून कोणी जेवलेलं नाही. ये. मासळी मात्र आणू नकोस, दोन पेंढ्या टांगलेल्या आहेत.

तुझीच,
आई
(काकू म्हणालास तरी ओ देईन.)